बोटं कापलेले हातमोजे

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टचा कागद टेबलावर सरळ केला, एका ओळीवर पेन टेकवला आणि म्हणाल्या, "शालूबाई, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय. तुम्हाला हेपेटायटिस बी झालाय."

मला त्यातलं फक्त पॉझिटिव्ह कळलं. आमच्या वस्तीत तो शब्द एकाच आजारासाठी वापरतात, आणि मग त्या घरचं पाणीसुद्धा कोणी पीत नाही. मी पदराने तोंड झाकलं. मॅडमना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, "हा एड्स नाही. कावीळच आहे, पण घाण पाण्यातून होते ती नाही. ही रक्तातून येते. लिव्हरला, म्हणजे यकृताला, सूज आणते. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगातून सहा महिन्यांत आपोआप निघून जाते. काहींच्या अंगात मुक्काम करते आणि हळूहळू लिव्हर खाते. तुमची जाईल की राहील, हे मी आज सांगू शकत नाही."

मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला. "काम काय करता?"

"कचऱ्याच्या गाडीवर आहे."

"कधी सुई टोचली होती का?"

"नाही," मी म्हणाले.

टोचली होती. हे खोटं मी का बोलले ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. कचऱ्याच्या कामावरच्या ज्या बायाबापड्यांना हे कोणी वाचून दाखवेल, त्यांनी तेवढं तरी नीट ऐकावं.

गोंदियात स्टेशनच्या बाजूची हॉटेलं, लॉज, मिठाईची दुकानं आणि चार-पाच खासगी दवाखाने यांचा कचरा आमचा ठेकेदार उचलायचा. एक निळा टेम्पो आणि आम्ही आठ बाया. प्रत्येकीची लाइन, म्हणजे कचरा उचलायचा रस्ता, ठरलेली. कचरा यायचा कॅरीबॅगमध्ये, तोंडाला घट्ट गाठ मारून. ती गाठ सोडायची, ओलं एकीकडे टाकायचं, पुठ्ठा एकीकडे, सलाईनच्या बाटल्या एकीकडे. भंगारवाला सलाईनच्या बाटल्यांवर टपलेला असायचा, म्हणून ठेकेदाराचाही त्यांच्यावर फार जीव.

त्याने आम्हाला हातमोजे दिले होते. नाही दिले असं कोणी म्हणू नये. लाल, जाड रबराचे, कोपरापर्यंत येणारे. पण ते घालून गाठ सुटत नाही. करून पाहा. पाच मिनिटं झटापट होते आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून जीव खातो. शिवाय तंबाखू चोळायची तर मोजे काढा, परत घाला. तिसऱ्याच दिवशी मी ब्लेड घेतलं आणि दोन्ही मोज्यांचे अंगठे आणि पहिली दोन-दोन बोटं उडवली. काम झकास व्हायला लागलं. ते पाहून यमुनाबाईने तिचे मोजे आणले. मग बाकीच्या सहाही जणींनी आणले. मी बसून सगळ्यांचे कापून दिले. यमुनाबाई त्याला "शालूचं टेलरिंग" म्हणायची आणि मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी मिरवायची.

पोळ्याच्या आसपास एका दवाखान्याच्या पिशवीची गाठ सोडताना डाव्या हाताच्या मधल्या बोटात सुई गेली. मोज्याचं बोट असतं तिथेच, म्हणजे मी कापलं होतं तिथेच. रक्ताचा एक थेंब आला. आम्ही सगळ्या करायचो तेच मी केलं. तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर दाबला आणि पुढची गाठ सोडायला घेतली.

बोलायची सोय नव्हती. ठेकेदाराने सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, "जिसको सुई लगी, वो घर बैठे. मेरे को लफडा नहीं चाहिए." घरी बसणं मला परवडणारं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस रायपूरच्या पलीकडे. चुना लावला की मिटलं, असं आम्ही धरून चालायचो. चुन्याने रक्त थांबतं. आत गेलेलं बाहेर येत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळी झाली आणि माझी तंबाखू सुटली. सोडली नाही, सुटली. तोंडात टाकली की माती खाल्ल्यासारखं व्हायचं. वीस वर्षांची सवय एका आठवड्यात गेली तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी खूश झाले. मग भात नकोसा झाला. दोन जिने चढले की दम लागायचा. बारीक ताप यायचा. एक दिवस लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि यमुनाबाई माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "अवं शालू, तुले कावीळ झाली ना व."

काविळीला आमच्याकडे दवाखान्यात कोणी जात नाही, उतरवून घेतात. मीही दवनीवाड्याकडच्या एका म्हाताऱ्याकडे गेले. त्याने माझ्या हातांवर चुन्याची निवळी ओतून चोळली, खालच्या परातीतलं पाणी पिवळं झालं, तो म्हणाला उतरली. दोन रविवार गेले. परातीत पिवळं पाणी येतच होतं आणि माझे डोळे काही पांढरे होत नव्हते. शेवटी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासायला दिलं.

या दोन आठवड्यांत माझ्या जागी माझी सून गाडीवर जात होती. हीच या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे, आणि मी ती इतका वेळ टाळत आले.

रेखा देवरीकडची. लग्नाला वर्ष होत आलं होतं. बोलायला कमी, हाताला उरक. मी अंथरुणावर पडले तेव्हा लाइन दुसरीला जाईल म्हणून मी कुढत होते. ती म्हणाली, "कायले भेता जी आई? मी जातो ना तुमच्या जागी." मी माझे कापलेले मोजे तिला दिले. तिच्या हाताला थोडे सैल व्हायचे. कामही समजावलं. पिशवी आधी हलवून पाहायची, मग गाठ सोडायची. आणि शेवटी म्हणाले, "सुई टोचली तं बोलाचं नाही. चुना लावाचा अन् कामाले लागाचं." तिने मान डोलावली. माझं सगळं ऐकायची ती.

तर मॅडमना "नाही" सांगून मी सरकारी दवाखान्यातून घरी आले ती संध्याकाळ. रेखा भात वाढत होती. वाढताना तिचा उजवा हात माझ्या ताटावर आला आणि मला तिच्या बोटाच्या टोकावर पांढरा ठिपका दिसला.

"हे काय व?"

"काही नाही जी आई."

"चुना काऊन लावला?"

तिने हात मागे घेतला. "काल टोचली. दवाखान्याच्या पिशवीतली होती. तुमीच तं सांगतलं होतं, बोलाचं नाही म्हणून."

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती स्वतःचा रिपोर्ट ऐकताना वाटली नव्हती. मी म्हातारी होत आलेली बाई, लिव्हर गेलं तर गेलं. ही बावीस वर्षांची पोर. मी मॅडमचं बोलणं आठवायला लागले. सहा महिने. मुक्काम करते. लिव्हर खाते. मी ताट बाजूला सारलं आणि ती विचारत राहिली, "काऊन जेवून नाही राहिले जी?"

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही दोघी बाकावर जाऊन बसलो. आमचा नंबर आला तेव्हा मी बसलेच नाही, उभ्यानेच सांगितलं. "मॅडम, मी काल खोटं बोलले. मला सुई टोचली होती. आणि हिला परवा टोचली."

मॅडमनी पेन खाली ठेवला. मला वाटलं आता शिव्या बसतील. त्या म्हणाल्या, "रागवायला आत्ता वेळ नाही. किती वाजता टोचली?"

रेखाने सांगितलं. मॅडमनी बोटांवर तास मोजले. मग आम्हाला समजावलं. अशा सुईतून तीन आजार येऊ शकतात. दोन प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही. सुई कोणाची होती हे कळायला मार्ग नाही, म्हणून सगळ्यात वाईट तेच धरून चालायचं. एचआयव्ही अडवायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, मग त्या अठ्ठावीस दिवस घ्यायच्या. हेपेटायटिस बीसाठी लस, आणि तिच्यासोबत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन. ते म्हणजे लढायला तयार असलेली दुसऱ्याची फौज उसनी आणणं. तेही जितक्या लवकर तितकं बरं. "तुम्ही चुना लावून आठ दिवस बसला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं," त्या म्हणाल्या.

मग रेखाला विचारलं, "पाळी कधी आली होती?"

रेखा माझ्याकडे पाहायला लागली. तिसरा महिना चालू होता. पहिलटकरणीने तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, असं तिच्या आईने बजावलं होतं. तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला दिसायला हवं होतं, पण मी स्वतःच्या डोळ्यांचा पिवळेपणा पाहण्यात गुंतले होते. सासू म्हणून मी काय लायकीची, ते मला मॅडमच्या खोलीत कळलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मॅडमनी रडू दिलं आणि तोवर नागपूरला फोन लावला. ते इंजेक्शन गोंदियात नव्हतं. बर्फाच्या डब्यात संध्याकाळच्या गाडीने आलं. दवाखान्याचा शिपाई ते घ्यायला स्टेशनवर धावत गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

त्यानंतर सुरू झालं ते वाट पाहणं. दुखणं कोणी सांगतं, वाट पाहणं कोणी सांगत नाही. रक्तात आजार शिरला तरी तपासणीत तो लगेच दिसत नाही. मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. या काळात रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आनंद करायचा नाही. रेखाचं रक्त पहिल्या दिवशी, मग दीड महिन्याने, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासायचं होतं. रक्त तपासायच्या खोलीबाहेर नाव पुकारत नाहीत, नंबर पुकारतात. बाकावर सगळे मान खाली घालून बसतात. ओळखीचं कोणी दिसलं की मी पदर ओढून घ्यायची. तसं करणाऱ्या मी एकटीच नव्हते.

त्या गोळ्यांनी रेखाला मळमळायचं. पोटातल्या बाळाने मळमळतं की गोळ्यांनी, हे तिलाही सांगता यायचं नाही. मोरीवर वाकून ती ओकायची आणि मी पाण्याचा गडू घेऊन पाच हात लांब उभी राहायची. मॅडमनी दहा वेळा सांगितलं होतं की स्पर्शाने पसरत नाही, जेवणातून पसरत नाही, शिंकेतून नाही. मला शब्द पाठ होते. तरी मी माझं ताट, माझा साबण, माझा टॉवेल वेगळा ठेवला. भीती शहाणपण ऐकत नाही, निदान माझी तरी नाही.

माझी तब्येत हळूहळू सुधारली. या काविळीला खास औषध असं दिलं नाही. आराम, साधं जेवण आणि तपासण्या. बिलिरुबिन म्हणजे पिवळेपणाचा आकडा, एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या सुजेचा. दोन्ही उतरत आले. महिन्या-दीड महिन्यात डोळे पांढरे झाले. पण एचबीएसएजी पॉझिटिव्हच होतं. पाहुणा ओसरीवर बसून होता, उठून जायचं नाव घेत नव्हता.

बरं वाटायला लागल्यावर मी पहिलं काम केलं ते टेम्पोजवळ जाऊन सगळ्या जणींना सांगितलं. सांगायला जीभ वळत नव्हती. वाटलं, आता या माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. यमुनाबाईने नुसता हात पुढे केला. "मलेबी टोचली दोनदा. तुले कायले सांगू?" मग अजून तिघींनी हात दाखवले. आठातल्या पाच जणींना टोचली होती आणि पाचही जणी चुना लावून गप्प होत्या.

मॅडमनी बाकीच्या सातही जणींना लस द्यायची सोय केली आणि एक गोष्ट सांगितली जी आम्हाला आजवर कोणीच सांगितली नव्हती. दवाखान्याच्या सुया आपल्या टेम्पोत यायलाच नकोत. त्यांचे डबे वेगळे, पिशव्या वेगळ्या, गाडीही वेगळी. मग आम्ही ठेकेदाराला म्हटलं, दवाखान्याच्या पिशवीची गाठ सोडणार नाही आणि पिशवी उचलणारही नाही. तो म्हणाला, "नौटंकी मत करो." यमुनाबाई म्हणाली, "मंग तुमी सोडा गाठ. आमी पाह्यतो." त्याने पिशवीकडे पाहिलं आणि फोन काढून दूर गेला. चार दिवस त्या पिशव्या त्या-त्या दवाखान्याच्या दारात पडून राहिल्या. पाचव्या दिवसापासून तीन दवाखान्यांनी सुयांची वेगळी सोय केली. एकाने आजही धड केलेली नाही. त्याची पिशवी आम्ही आजही उचलत नाही.

कापलेले मोजे मी गोळा केले आणि जाळले. त्या रबराचा घाण वास येत होता आणि मला ठसका लागला. नवे मोजे आले. गाठ सुटत नाही म्हणून आता गाठ सोडतच नाही. दुकानदारांना सांगितलं, ओलं-सुकं वेगळं करून उघड्या डब्यात ठेवा. काही ठेवतात, काही कुरकुरतात.

रेखाचा दीड महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तीन महिन्यांचा निगेटिव्ह आला. शेवटचा होता बाळंतपणाच्या वेळी, भर मे महिन्यात. गोंदियाचं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. वॉर्डबाहेर भिंतीला पाठ लावली तर भाजायची. मी त्या भिंतीजवळ उभी राहून हात जोडले, पण कोणापुढे जोडले ते ठरवता आलं नाही. बाळ आधी आलं. मुलगी. तिला जन्मतःच काविळीची लस दिली. दुसऱ्या दिवशी रेखाचा रिपोर्ट आला. मॅडम स्वतः वॉर्डात आल्या आणि म्हणाल्या, "सगळं निगेटिव्ह. आता आनंद करायला हरकत नाही."

माझा स्वतःचाही सहा महिन्यांचा रिपोर्ट तेव्हाच करायचा होता. मी गेले नाही. आज उद्या करत तीन आठवडे काढले. एकदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत आले. राहिली असली तर? जोवर तपासत नाही तोवर ती गेली आहे असं धरता येत होतं. आणि या तीन आठवड्यांत मी नातीला हात लावला नाही. लांबून पाहायची. शेजारणी म्हणायच्या, कशी आजी आहे ही.

एक दिवस रेखा आंघोळीला गेली आणि पोरगी रडायला लागली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी कोनाड्यातले नवे लाल मोजे काढले, कामावर घातले नव्हते ते, साबणाने धुतले, हातात चढवले आणि तिला उचललं. कोपरापर्यंत रबर आणि त्यावर ते एवढंसं पोर. रेखा ओल्या केसांनी बाहेर आली आणि दारातच थांबली.

"काढा ते मोजे," ती म्हणाली.

"राहू दे. रिपोर्ट नाही आला ना व अजून."

"तं आणा ना जाऊन! काढा म्हणतो ना जी." माझ्यावर तिने आवाज चढवला तो हा पहिलाच. तिने स्वतः माझ्या हातातले मोजे ओढून काढले, आधी एक, मग दुसरा. आत घाम आला होता. माझ्या उघड्या हातावर पोरीचं डोकं टेकलं. गरम होतं आणि थोडं ओलं.

सोमवारी मी गेले. मॅडम सुटीवर होत्या, दुसरे एक डॉक्टर बसले होते. त्यांनी नवा केसपेपर घेतला. काम काय करता? कचऱ्याच्या गाडीवर. कधी सुई टोचली होती का?

"हो," मी म्हणाले. "डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. मोजे मीच कापले होते."

त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच असतं ते.

रिपोर्ट निगेटिव्ह आला. पाहुणा गेला होता. आता रक्तात तो परत येऊ नये अशी ताकद तयार झाली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी तो कागद जपून ठेवला आहे. पण आमचं घर वाचवलं ते त्या कागदाने नाही. ते वाचवलं मॅडमनी, त्या धावत गेलेल्या शिपायाने आणि नागपूरला लावलेल्या त्या फोनने. तुम्हाला टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, चुना लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन सांगा. ठेकेदार घरी बसवेल, या भीतीने मी गप्प बसले होते. त्याने बसवलं नाही. बसवलं असतं तरी सांगायलाच हवं होतं.

मी आजही गाडीवर आहे. नात शाळेत जायला लागली. बऱ्याच दिवसांनी एकदा शेंगा सोलता सोलता मी रेखाला विचारलं, "तुले माझा राग नाही आला का व तवा? मीच तं तुले चूप राहाले सांगतलं होतं."

ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, "आला ना जी. लय आला. पण तुमी दुसऱ्या दिशी मॅडमले सांगतलं ना."